सोडियमचं माहेरचं नाव

सुरुवातीलाच माफी मागतो. दिवाळी अंकात कामाच्या आठवणी लिहिणारी माणसं बहुधा निवृत्त झालेली असतात. त्यांच्यापाशी पेन्शन असते, वेळ असतो आणि सांगण्यासारखं पुष्कळ असतं. माझी नोकरी अजून लागायचीच आहे. मी बालाघाटला बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला शिकतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबा राइस मिलमध्ये पोती उचलतात, आई मोसमात धान रोवायला जाते. शाळा सगळी हिंदीत झाली. मराठी आमच्या घरात बोलायची, भांडायची आणि गोंदियाच्या मावशीला फोन करायची भाषा आहे. लिहायची कधी वेळ आली नाही. तेव्हा कुठं हिंदी डोकावली, कुठं व्याकरण घसरलं, तर सांभाळून घ्यावं.

मावसभावानं या अंकाच्या संपादकांशी माझं बोलणं करून दिलं. मी म्हटलं, सर, माझ्याजवळ अनुभव काय असणार? ते म्हणाले, ‘काम केलंय ना? मग लिहा.’ काम मात्र केलं आहे. गेली तीन वर्षं मी आमच्या वॉर्डातल्या विहाराच्या मागच्या ओसरीत, दहावीची परीक्षा बाहेरून देणाऱ्या मोठ्या माणसांना रसायनशास्त्र शिकवतो. विहार समिती थोडं मानधन देते आणि ट्यूबलाइटचं बिल भरते. याला नोकरी म्हणावं की नाही, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

हे काम मी मागितलेलं नव्हतं. विहार समितीचे मेश्रामकाका एक दिवस घरी आले आणि आईला म्हणाले, ‘तुया पोरगा बीएस्सी करून राह्यला ना? मंग आमच्या बायाईले शिकवू दे की. विज्ञानातच सगळ्या अटकतात.’ बाबा खाटेवर बसले होते. माझा विषय रसायनशास्त्र म्हणजे केमिस्ट्री आहे हे त्यांना तेव्हाच नीट कळलं. ‘केमिस्ट म्हणजे मेडिकलवाला ना?’ त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. ‘मंग काय विकशीन तू?’

पहिल्या दिवशी ओसरीत पाच-सहा बाया आणि एक माणूस बसला होता. माझ्यापेक्षा लहान कोणीच नव्हतं. सगळे मला सर म्हणायला लागले, आणि प्रत्येक वेळी मला मागं वळून पाहावंसं वाटायचं. त्यांत आमच्या गल्लीतल्या सुनंदावहिनी होत्या. त्यांचे यजमान रमेशदादा ऑटो चालवतात. वहिनी एका खाजगी दवाखान्यात आया आहेत. दिवसभर फरशी पुसणं, चादरी बदलणं, पेशंटला धरून नेणं हे त्यांचं काम. त्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासायची एक खोली आहे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना शब्द दिला होता की दहावी पासचा कागद आण, तुला इथं घेते, नळ्या हाताळायला मी स्वतः शिकवीन.

वहिनींचे बाकीचे सगळे विषय निघाले होते. फक्त विज्ञान राहिलं होतं. त्यात त्या आधी नापास झाल्या होत्या, आणि त्यांच्या नोंदणीची मुदत त्याच वर्षी संपत होती. त्या वर्षी विज्ञान निघालं नाही, तर निघालेले विषयही पाण्यात जाणार आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ‘सर,’ त्या मला म्हणाल्या, ‘पोछा मारून मारून त्या फरशीचा नकाशा तोंडपाठ झाला मले. आता मान वर करून काम कराचं आहे.’

वहिनींसोबत त्यांच्या सासूबाई यायच्या. त्यांना सगळी गल्ली लक्ष्मीआजी म्हणते. सुनेला संध्याकाळी सोबत म्हणून त्या यायच्या, भिंतीला टेकून चिंच फोडत बसायच्या आणि मधूनच बोलायच्या. त्या माझ्या विद्यार्थिनी नव्हत्या. पण या तीन वर्षांत मी जे काही बरं शिकवलं, त्याची सुरुवात पुष्कळदा त्यांच्या कोपऱ्यातून झाली, हे मान्य करायला हवं.

पहिल्या आठवड्यात मी आमच्या प्रोफेसरांसारखा शिकवत होतो. जगातली प्रत्येक वस्तू काही मोजक्या मूलद्रव्यांपासून बनते, प्रत्येक मूलद्रव्याला एक खूण असते, तिला संज्ञा म्हणतात. हायड्रोजनची H, ऑक्सिजनची O, कार्बनची C. इथपर्यंत सगळ्यांनी माना हलवल्या. मग मी फळ्यावर सोडियम लिहून त्यापुढं Na लिहिलं.

‘सर,’ वहिनी म्हणाल्या, ‘सोडियम तं एसनं सुरू होते. Na काहून?’

मी सांगितलं की जुन्या लॅटिन भाषेत त्याचं नाव नेट्रियम होतं. वहिनींचा चेहरा पडला. हिंदी पुस्तक, मराठी बोलणं, इंग्रजी अक्षरं, आणि आता आणखी एक भाषा! पोटॅशियमचं K, लोखंडाचं Fe, तांब्याचं Cu. मी लिहीत गेलो आणि ओसरी शांत होत गेली. ही शांतता शिकवणाऱ्याला लवकर ओळखता येते. ती ऐकण्याची नसते, हात टेकण्याची असते.

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. ‘त्यात काय एवढं? Na हे तिचं माहेरचं नाव हाय.’

सगळ्या बायांनी मागं पाहिलं. आजींनी चिंचोका बाजूला टाकला. ‘सासरी आली, त्याईनं सोडियम नाव ठेवलं. पण कागदावर माहेरचंच राह्यलं. आपल्यात काय नवीन हाय का?’

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायची रीत होती, काही घरांत अजून आहे. त्यामुळं आमच्या वॉर्डातल्या पुष्कळ बायांची दोन नावं असतात. शाळेच्या दाखल्यावर एक, गल्लीत दुसरं. त्या संध्याकाळी मला काही शिकवावं लागलं नाही. ‘लोखंडाचं माहेर?’ मी विचारायचो. ‘फेरम!’ ‘सोन्याचं?’ ‘ऑरम!’ ‘चांदीचं?’ ‘अर्जेंटम!’ आणि ज्यांची संज्ञा सरळ नावावरूनच आहे, त्या कार्बन-ऑक्सिजनबद्दल एक बाई म्हणाली, ‘ह्या बऱ्या. ह्याईच्या सासरच्याईनं नाव बदललं नाही.’

मग बाया एकमेकींना त्यांची माहेरची नावं सांगायला लागल्या. वर्षानुवर्षं एका नळावर पाणी भरणाऱ्या बायांना ती ठाऊक नव्हती. मला तर नव्हतीच. सुनंदावहिनी म्हणाल्या, ‘मी ललिता.’

‘मग सुनंदा कोणी ठेवलं?’ मी विचारलं.

‘ह्याईनंच,’ वहिनींनी सासूकडं बोट दाखवलं.

‘मंग काय करू?’ आजी म्हणाल्या. ‘माह्या जावेचं नाव ललिता होतं. दिवसभर तिच्याशी भांडण, आणि सुनेले लाडानं त्याच नावानं हाक मारू? जिभेवर नाही चढे ते नाव. आजबी नाही चढत.’

‘आणि आजी, तुमचं?’

आजी जरा लाजल्या. ‘माहेरी मले चिंधी म्हणत. माह्या अगोदरची लेकरं वाचली नव्हती, म्हणून दृष्ट लागू नये असं नाव.’ थोडं थांबून म्हणाल्या, ‘तुया त्या फळ्यावर चिंधीचं नाव कोणतं?’ मी म्हटलं, अजून सापडलं नाही आजी, सापडलं की कळवतो.

आता आमच्या वर्गातल्या एकुलत्या एक पुरुषाबद्दल. राजूभाऊ पेंटर. दुकानांच्या पाट्या, ऑटोच्या मागच्या ओळी, गाड्यांचे नंबर हे सगळं रंगवणारा माणूस. अक्षर असं की पाहत राहावं. पण राजूभाऊंचा हात नंबरप्लेटला सरावलेला, सगळी अक्षरं एका उंचीची, सगळी मोठी. H₂O मधला दोन ते एवढा मोठा काढायचे की पाणी आहे की ऑटोचा नंबर, कळायचं नाही. मी सांगायचो, भाऊ, खालचा आकडा लहान. संज्ञेतलं दुसरं अक्षरही लहानच. ‘लहान काढलं तं रस्त्यावरून दिसन कसं?’ ते विचारायचे.

त्यांनी एकदा हौसेनं ओसरीच्या अख्ख्या भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता रंगवून दिला. निळी चौकट, पिवळी अक्षरं, कोपऱ्यात कमळ. मेश्रामकाका पेढे घेऊन आले. सगळं झाल्यावर मला दिसलं की कोबाल्टच्या चौकोनात दोन्ही अक्षरं मोठी आहेत, CO. कोबाल्ट हा धातू आहे. दोन्ही अक्षरं मोठी लिहिली की तो कार्बन आणि ऑक्सिजनचा वायू होतो, बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणाऱ्याचा जीव घेणारा. मी राजूभाऊंना हे सांगितलं. त्यांनी टर्पेंटाइनचा बोळा घेतला, दुसरं अक्षर पुसलं, लहान काढलं आणि म्हणाले, ‘बापा! एका अक्षरानं भिंतीवर खून होऊन राह्यला होता.’

राजूभाऊंनी परीक्षा दिली नाही. फॉर्म भरला होता. पण परीक्षेच्या दिवसांत निवडणुकीचं काम आलं आणि भिंतीमागून भिंती मिळत गेल्या. मी दोनदा त्यांच्या घरी गेलो. ‘पुढच्या वर्षी सर, नक्की,’ म्हणाले. पुढच्या वर्षीही आले नाहीत. तक्त्यातली त्यांची अक्षरं मी रोज वाचतो, आणि तिसऱ्यांदा जायला हवं होतं असं मला रोज वाटतं.

संज्ञा झाल्या की त्यांची जोडणी येते. खरी अडचण तिथंच असते, आणि वहिनी आधी तिथंच नापास झाल्या होत्या. मिठाचं सूत्र NaCl, एकास एक. मग चुन्यापासून निघणाऱ्या एका क्षाराचं CaCl₂, एकास दोन का? अल्युमिनियम आणि ऑक्सिजनचं Al₂O₃, म्हणजे दोनास तीन कुठून आलं? पुस्तकात याला संयुजा म्हणतात, आमच्या हिंदी पुस्तकात संयोजकता. शब्द कोणताही घ्या, ऐकूनच माणूस पाणी प्यायला उठतो.

यावर उपाय मला माझ्या आईच्या बोलण्यातून सुचला. पावसाळ्यात मी तिला सुट्टीच्या दिवशी घरी थांब म्हटलं, तर म्हणाली, ‘नाही बापा, उद्या फेडाले जा लागते. त्याईच्या दोघी आपल्या बांधीत येऊन गेल्या.’ बांधी म्हणजे धानाचा बांध घातलेला तुकडा. आमच्याकडं रोवण्याच्या दिवसांत घरं एकमेकांच्या बांधीत बाया पाठवतात. ज्याच्या घरच्या जेवढ्या निघू शकतात तेवढ्या तो देतो, ज्याच्या बांधीला जेवढ्या कमी पडतात तेवढ्या तो घेतो. हिशेब हातांचाच असतो.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर घरं काढली. सोडियमच्या घरून एक बाई निघते. कॅल्शियमच्या घरून दोन, अल्युमिनियमच्या घरून तीन. क्लोरिनच्या बांधीत एक बाई कमी आहे, ऑक्सिजनच्या बांधीत दोन. नियम एकच, एकही बाई रिकामी परत जाऊ नये, एकही बांधी अर्धी राहू नये.

‘आता सांगा, कॅल्शियमच्या दोघी निघाल्या. क्लोरिनला एकच पाहिजे. दुसरी काय करेल?’

‘दुसऱ्या क्लोरिनच्या बांधीत जाईन,’ तिघी एकदम म्हणाल्या.

‘मग किती क्लोरिन लागले?’

‘दोन!’

अल्युमिनियमला वहिनींनी वेळ घेतला. त्या पुटपुटत होत्या, ‘एका घरच्या तिघी, ऑक्सिजनले दोघी... एक उरते. तिले अर्धं काम नाही देता येत... मंग आणखी एक अल्युमिनियम बोलवा. सहा झाल्या. दोन-दोन वाटल्या तं तीन बांध्या.’ आणि त्यांनी खडू मागितला. Al₂O₃ असं स्वतःच्या हातानं लिहिलं, आणि फळ्याकडं बघत मागं सरकल्या, एखाद्या भांड्याला कल्हई लागली की नाही ते बघावं तशा.

‘आणि हे निऑन, हिलियमवाले?’ एका बाईनं तक्त्याचा कडेचा रकाना दाखवून विचारलं. ‘हे कोणाले बाया देत नाही, मागत नाही?’

‘ते मशीनवाले,’ आजी म्हणाल्या. ‘रोवण्याची मशीन घेतली ना ज्यानं, तो गावात कोणाशी बोलत नाही मंग.’

यापेक्षा चांगली व्याख्या मी परीक्षेत कधी लिहू शकलो नाही.

राहिला कंस. काही अणू एकटे येत नाहीत, टोळीनं येतात आणि टोळीतच राहतात. जसा SO₄, एक गंधक आणि चार ऑक्सिजन. मी म्हटलं, हे रमेशदादाच्या ऑटोसारखं समजा. पुढं ड्रायव्हर गंधक, मागं चार सवाऱ्या. OH म्हणजे ड्रायव्हर ऑक्सिजन आणि एकच सवारी. कंस म्हणजे ऑटो. कंसाच्या बाहेरचा आकडा म्हणजे ऑटो किती आले. म्हणून विरी चुन्याचं, म्हणजे पाण्यात भिजवलेल्या चुन्याचं, सूत्र Ca(OH)₂. कॅल्शियमच्या दारात दोन ऑटो.

पण वहिनींना ऑटोचा कंटाळा असावा. त्या प्रत्येक वेळी कंस विसरायच्या आणि CaOH₂ लिहायच्या. ‘वहिनी, तुम्ही ड्रायव्हर एकच ठेवला आणि सवाऱ्या वाढवल्या!’

‘रमेश तसंच करते ना,’ आजी म्हणाल्या. रमेशदादा त्या वेळी बायकोला न्यायला दारात उभे होते. ते म्हणाले, ‘माय, पोलीसवाल्यासमोर नको बोलू असं.’

हे सगळं परीक्षेपुरतं नाही, हे एका रविवारी कळलं. विहारात कार्यक्रम होता, सगळे साफसफाईला जमलो होतो. मेश्रामकाका बाथरूम धुत होते. एका बाटलीत बाथरूमचं ॲसिड, दुसरीकडं ब्लीचिंग पावडर. काकांना वाटलं, दोन्ही साफ करतात, तर दोन्ही मिळून दुप्पट साफ करतील. त्यांनी पावडर टाकून वरून ॲसिड ओतलं. हिरवट पिवळा धूर उठला आणि काका खोकत, डोळे चोळत बाहेर आले. मी आणि रमेशदादांनी त्यांना मोकळ्या हवेत नेऊन बसवलं, सगळ्यांना लांब हटवलं आणि दारं उघडी ठेवली. वहिनींनी दवाखान्यात फोन लावला आणि रमेशदादा काकांना ऑटोतून घेऊन गेले. तासाभरानं काका चहा मागत परत आले, तेव्हा जीवात जीव आला.

त्या संध्याकाळी मी वेगळं काही शिकवलं नाही. फळ्यावर फक्त दोन सूत्रं लिहिली. ॲसिड HCl, ब्लीचिंग पावडर CaOCl₂.

बराच वेळ पाहून वहिनी म्हणाल्या, ‘दोन्हीत Cl आहे सर. दोघं भेटले तं तो मोकळा झाला का?’

मी हो म्हटलं. मोकळा झालेला क्लोरिन वायू माणसाच्या छातीत शिरतो, म्हणून ही दोन कधीच एकत्र करायची नाहीत.

‘आमच्या दवाखान्यात दोन्ही एकाच फळीवर ठेवते,’ वहिनी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती वेगळी केली, आणि कोणी विचारलं तर थांबून कारणही सांगायला लागल्या. पण त्या संध्याकाळी थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा फळ्याकडं बोट दाखवलं. ‘आणि सर, ह्या CaOCl₂ ले कंस नाही. हेही माह्यासारखं ऑटो विसरलं का?’ मी म्हटलं, नाही वहिनी, ते तसंच लिहितात. ‘पाह्य,’ त्या आजींना म्हणाल्या, ‘मीच एकटी नाही.’

परीक्षेचा दिवस आला. त्या वर्षी केंद्र बदललं होतं, रेल्वे स्टेशनच्या पलीकडची एक शाळा. पेपर माझा नव्हता, तरी मी गेटवर जाऊन उभा राहिलो. सगळे आत गेले आणि वहिनी तेवढ्या परत बाहेर आल्या.

प्रवेशपत्रावर नाव ललिता, पुढं वडिलांचं नाव. आधारकार्डावर सुनंदा, पुढं रमेशदादांचं. जुन्या केंद्रावरचे लोक ओळखीचे होते, तिथं कधी अडलं नव्हतं. नाव बदलल्याचं शपथपत्र होतं, पण ते घरी. केंद्रावरच्या मॅडम शांतपणे म्हणत होत्या, ‘देखिए, मैं आपको रोकना नहीं चाहती. पर मेरे सामने दो औरतें खड़ी हैं, ललिता भी और सुनंदा भी. मैं किसको बिठाऊँ?’

वहिनींना सोडायला आलेले रमेशदादा ऑटो वळवून घराकडं गेले. मी आजींना फोन करून कागद कुठं आहे ते काढून ठेवायला सांगितलं. घड्याळाकडं बघवत नव्हतं. मुदत संपत होती, आणि ती विज्ञानामुळं नाही तर नावामुळं संपणार होती.

वहिनी मात्र मॅडमकडं वळल्या. ‘मॅडम, एक बात बोलूँ? सोडियम को किताब में Na लिखते हैं. नाम सोडियम, निशानी माहेर की. फिर भी उसको सब जगह बिठाते हैं, नमक में भी, सोडे में भी. मेरे को काहे नहीं बिठाते?’

मला वाटलं, झालं, आता काम होणार. मॅडमनी चष्मा काढला, वहिनींकडं बघितलं आणि हसायला लागल्या. ‘बहन जी, मैं हिंदी पढ़ाती हूँ. मुझे सोडियम से मत डराइए. काग़ज़ लाइए.’

पण त्यांनी वहिनींना गेटबाहेर उभं ठेवलं नाही. आतल्या बाकावर बसवलं, शिपायाला पाणी आणायला सांगितलं आणि म्हणाल्या, वेळेत कागद आला तर मी स्वतः वर्गात नेऊन बसवते. मग हॉर्न वाजवत रमेशदादांचा ऑटो आला. मागच्या सीटवर लक्ष्मीआजी होत्या, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पायात चपला नाहीत. शपथपत्राबरोबर त्यांनी लग्नाचा फ्रेम केलेला फोटोही भिंतीवरून काढून आणला होता. ‘हे पाहा मॅडम,’ फोटोवर बोट ठेवून आजी म्हणाल्या, ‘हे ललिता. आणि हे,’ वहिनींवर बोट ठेवून, ‘सुनंदा. नाक पाहा. एकच नाक हाय.’

मॅडमनी कागद वाचला, नाकही पाहिलं आणि वहिनींना आत नेलं. पेपर सुरू होऊन थोडा वेळ झाला होता.

पेपर सुटला. वहिनी बाहेर आल्या त्या घामानं भिजलेल्या.

‘कसा गेला?’

‘रोवण्याचं सगळं आलं. अल्युमिनियम आला, मी बाया वाटून दिल्या. विरी चुना आला.’

‘ऑटो लावला?’

डोळे मिटून त्या कागद आठवत होत्या. ‘सर, लावला का नाही लावला, आठवतच नाही मले.’

‘घरी तिले ऑटोतच बसून जा लागते ना,’ रमेशदादा म्हणाले, ‘तरी विसरते!’ पण त्यांचंही हसू अर्धंच होतं. आम्ही सगळे स्टेशनपर्यंत ऑटोत आलो. आजींनी मांडीवरचा फोटो पदरानं पुसला. आपलं शिकवणं कधी कधी एका कंसावर लटकतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते पुस्तकात लिहिलेलं नसतं.

निकाल लागायला वेळ लागला. या दिवसांत वहिनी वर्गाला येत होत्या. पेपर झाला तरी येत होत्या, नव्या बायांना घरं आणि बांध्या काढून दाखवत होत्या. मी विचारलं, आता कशाला? म्हणाल्या, ‘इथं आलं की मले वाटते निकाल लागलाच नाही. नाही लागला म्हणजे नापासही नाही झाले.’ आजींचं म्हणणं असं की निकालाच्या गोष्टी घरात काढायच्याच नाहीत. डॉक्टरीणबाईंना त्यांनी स्वतः सांगून ठेवलं होतं की अजून काही विचारू नका.

निकालाच्या दिवशी मी लांजीला होतो, आत्याच्या मुलीच्या लग्नात. जेवणावळीत वाढायचं काम माझ्याकडं होतं. एका हातात वरणाची बादली, दुसऱ्या हातात मोबाइल. निकालाचं पान उघडायचं आणि मध्येच थांबायचं. मंडपाच्या मागं नेटवर्क यायचं, म्हणून मी मागं जायचो, तिथं डीजे लावलेला. वहिनींना फोन लावला, लागला नाही. रमेशदादांचा बंद. मी पुन्हा वाढायला गेलो. एका पाहुण्याच्या पानात दोनदा वरण वाढलं. ते म्हणाले, ‘बाबू, भात कब देगा?’

मग फोन वाजला. अनोळखी नंबर. एक कान दाबून मी मंडपामागं पळालो. डीजेच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हतं, पण आवाज ओळखू आला.

‘मास्तर!’ लक्ष्मीआजी ओरडत होत्या. ‘ललिता पास झाली! आमची ललिता पास झाली!’

मी ओरडलो, ‘कोण ललिता?’

मग फोन तोंडापासून दूर नेऊन, घरातल्या कोणाला तरी मोठ्यानं सांगणाऱ्या आजींचा आवाज ऐकू आला, ‘अवो ललिता, तू तं झाली पास, पण हा तुया मास्तर फेल हाय!’